एक अंश आणि तीन सेकंद

नाशिक शहर आणि नाशिकरोड यांच्या मध्ये गांधीनगरचा विमानतळ आहे. प्रवासी विमाने आता ओझरला उतरतात. गांधीनगरच्या धावपट्टीवर वावर असतो तो भूदलाच्या हेलिकॉप्टरांचा. भूदलाची आर्मी एव्हिएशन कोअर १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्थापन झाली, आणि तिचे वैमानिक घडवणारी कॉम्बॅट आर्मी एव्हिएशन ट्रेनिंग स्कूल २००३ पासून इथे आहे. नाशिकचे भूदलाच्या उड्डाणाशी नाते त्याहून जुने. देवळालीला तोफखान्याची शाळा आहे, आणि आपल्या भूदलाने आकाशात पाऊल टाकले ते तोफखान्यासाठीच: तोफगोळा नेमका कुठे पडला हे वरून पाहून सांगणारी छोटी विमाने ही त्याची सुरुवात. २५ मे २०२२ रोजी कॅप्टन अभिलाषा बराक यांना गांधीनगरच्या एव्हिएशन शाळेत ‘विंग्ज’ हे वैमानिकाचे चिन्ह मिळाले आणि त्या भूदलाच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक ठरल्या. चीता आणि चेतक या हेलिकॉप्टरांचा आवाज उपनगर-गांधीनगरच्या रहिवाशांच्या कानाला सवयीचा झाला आहे. जमिनीपासून दोन-तीन मीटरवर एखादे हेलिकॉप्टर जागच्या जागी थांबलेले दिसले, तर पाहणाऱ्याला वाटते की ते थांबले आहे, म्हणजे आत काही विशेष चाललेले नाही. शिकाऊ वैमानिकाच्या दृष्टीने मात्र सगळ्या अभ्यासक्रमात सर्वांत जास्त काम त्याच क्षणी चाललेले असते. या स्थिर राहण्याला वैमानिक ‘हॉवर’ म्हणतात. तो शिकायला इतका अवघड का, याचे जे उत्तर सर्रास दिले जाते ते मला अपुरे वाटते. उत्तर अपुरे राहिले की शिकणाऱ्याच्या वाट्याला नको ती निराशा येते, आणि हॉवर शिकवायचा की यंत्रावर सोपवायचा या वादातही गल्लत होते. म्हणून ते उत्तर तपासून पाहायला हवे.

सर्रास दिले जाणारे उत्तर असे: हेलिकॉप्टरमध्ये दोन हात आणि दोन पाय एकाच वेळी वेगवेगळी कामे करतात, म्हणून ते अवघड. यात तथ्य आहे. डाव्या हाताशी कलेक्टिव्ह नावाचा दांडा असतो. तो वर ओढला की डोक्यावरच्या सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो आणि हेलिकॉप्टर वर उचलले जाते. उजव्या हातात सायक्लिक. तो ज्या दिशेला झुकवावा त्या दिशेला फिरत्या पात्यांची चकती कलते आणि हेलिकॉप्टर तिकडे सरकू लागते. पायांशी दोन पेडल असतात, त्यांनी शेपटीवरच्या छोट्या पंख्याचा जोर कमी-जास्त होतो आणि नाक डावी-उजवीकडे वळते. खरी भानगड पुढेच आहे, कारण यातले एकही नियंत्रण एकटे काम करत नाही. चीताचे पाते वरून पाहिले तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. कलेक्टिव्ह जरा वर ओढला की पात्यांना हवा जास्त रेटावी लागते, त्याची प्रतिक्रिया धडावर येते आणि नाक डावीकडे वळू लागते. ते आवरायला उजवे पेडल दाबायचे. पेडल दाबताच शेपटीचा पंखा शेपटीला, आणि तिच्यासोबत सगळ्या हेलिकॉप्टरलाच, डावीकडे ढकलतो. म्हणून सायक्लिक किंचित उजवीकडे न्यायचा. चकती कलली की तिचा वर उचलणारा जोर थोडा घटतो आणि उंची कमी होते. म्हणजे पुन्हा कलेक्टिव्ह. एका हाताच्या एका हालचालीने उरलेल्या सगळ्या हातापायांना काम लागते.

हे सगळे खरे धरूनही प्रश्न उरतो. क्लच, गिअर, ब्रेक, अॅक्सिलरेटर आणि स्टिअरिंग सांभाळत नाशिकच्या रस्त्यांवरून हजारो माणसे रोज गाडी चालवतात. चार अवयवांची जुळवाजुळव माणसाला काही आठवड्यांत जमते. हॉवर शिकवताना तर प्रशिक्षक पहिल्या टप्प्यात तिन्ही नियंत्रणे देतही नाही. आधी फक्त पेडल विद्यार्थ्याकडे, बाकी दोन स्वतःकडे. ते जमले की फक्त कलेक्टिव्ह. हे दोन्ही बऱ्यापैकी लवकर जमतात. मग फक्त सायक्लिक हातात येतो, म्हणजे एकाच हाताचे एकच काम, आणि नेमके तिथेच हेलिकॉप्टर मैदानभर भरकटू लागते. अडचण अवयवांच्या संख्येची असती तर एकच दांडा हातात असताना ती दिसायला नको होती. तेव्हा मूळ दुसरीकडे आहे. ते आहे वेळेत: हाताने केलेली कृती आणि तिचा डोळ्याला दिसणारा परिणाम यांच्यामध्ये जाणाऱ्या वेळेत.

याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राने मांडता येतो. समजा, हेलिकॉप्टर स्थिर आहे आणि ते फक्त एका अंशाने उजवीकडे कलले. हात पूर्ण लांब करून करंगळी डोळ्यांसमोर धरावी; तिची रुंदी दिसते तो साधारण एक अंश. एवढ्या कलण्याने उजवीकडे ओढणारे त्वरण तयार होते: दर सेकंदाला वेग सेकंदाला १७ सेंटिमीटरने वाढतो. हवेचा अडथळा बाजूला ठेवला, तर पहिल्या सेकंदाअखेर हेलिकॉप्टर सुमारे साडेआठ सेंटिमीटर सरकलेले असते. एवढे सरकणे शिकाऊ डोळ्याला जाणवतच नाही. तीन सेकंदांनी ते पाऊण मीटरहून जास्त सरकलेले असते आणि सेकंदाला अर्ध्या मीटरच्या वेगाने जात असते. आता विद्यार्थ्याच्या लक्षात येते आणि तो हेलिकॉप्टर सरळ करतो. पण सरळ केल्याने ते थांबत नाही. कल गेला म्हणजे वेग वाढायचा थांबला. आधी कमावलेला वेग तसाच राहतो. तो मोडायला आता तितकेच डावीकडे, तितकाच वेळ कलवावे लागेल, आणि त्या तीन सेकंदांत ते आणखी पाऊण मीटर उजवीकडे जाईल. शिवाय ते थांबण्याच्या अगदी आधी डावा कल काढून घ्यायला हवा, नाहीतर हाच खेळ उलट दिशेने सुरू होईल. हाताने कल ठरतो, कलाने वेग ठरतो, वेगाने जागा ठरते. आणि विद्यार्थी पाहत असतो फक्त जागा. तो पाहतो ते तीन सेकंदांपूर्वीच्या कृतीचे फळ असते, आणि ते पाहून तो आत्ताची कृती ठरवतो.

यात माणसाच्या शरीराचा स्वतःचा उशीर मिळवावा लागतो. डोळ्याने पाहून हाताने हलायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. काय करावे हे ठरवायचे असेल तर त्याहून जास्त. नवख्याला प्रत्येक गोष्ट ठरवावी लागते. आणि हेलिकॉप्टरचा स्वभाव असा, की हॉवरमध्ये ते आपणहून मूळ जागी परतत नाही. नीट बांधलेले विमान सरळ उडताना वाऱ्याच्या झुळकेने डगमगले तर बहुधा आपले आपण सावरते. हॉवरमधले साधे हेलिकॉप्टर झुळकेने सरकले, की फिरती चकती सरकण्याच्या विरुद्ध बाजूला कलते, धडाला मागे ओढते, ते मागे येते, मूळ जागा ओलांडून पलीकडे जाते, आणि प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा थोडा मोठा होत जातो. हातापाशी काहीच केले नाही तरी हे वाढत जाते. उशिराने आणि जास्त जोराने केले तर याहून भराभर वाढते, कारण हेलिकॉप्टर परतीच्या वाटेवर असतानाच विद्यार्थ्याचा दुरुस्तीचा धक्का त्याच दिशेने त्याला मिळतो. या वैमानिकनिर्मित हेलकाव्यांना हवाई अभियांत्रिकीत स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र संशोधन आहे. प्रशिक्षकाने एवढेच म्हणावे, ‘हात सोड’, आणि स्वतः सायक्लिक धरताच यंत्र दोन सेकंदांत शांत व्हावे, हे जगातल्या प्रत्येक हेलिकॉप्टर शाळेत घडते. विद्यार्थ्याला वाटते, यांच्या हातात काही जादू आहे. प्रशिक्षकाचा हात पाहिला तर तो हलल्यासारखाही वाटत नाही. तो हलतो, पण मिलिमीटरभर, आणि चूक दिसण्याआधी.

१९६०च्या दशकात डुआन मॅक्रूअर या अमेरिकी अभियंत्याने माणूस यंत्र कसे आवरतो याचा गणिती अभ्यास केला. त्याचा निष्कर्ष या विषयाला फार उपयोगी आहे. यंत्र जितके उशिरा ऐकणारे, तितके माणसाला त्याच्या पुढचे पाहावे लागते. जागेवरून दुरुस्ती न करता वेगावरून, आणि वेगाच्याही आधी कलावरून करावी लागते. कुशल माणूस आपल्या कृतीची वेळ अशी जुळवून घेतो की माणूस आणि यंत्र मिळून एक सरळ स्वभावाची जोडी बनते. म्हणजे हॉवर शिकणे हे मुख्यतः स्वतःचा उशीर कमी करत नेणे आहे. स्नायूंचा वेग वाढवून तो कमी होत नाही, कारण पाव सेकंदाची मर्यादा शरीराचीच आहे. तो कमी होतो चूक अधिक लवकरच्या टप्प्यावर ओळखू लागल्याने.

इथे एक गोष्ट समजते जी एरवी गूढ वाटते. हेलिकॉप्टर शिकलेली माणसे बहुतेक एकच हकिगत सांगतात: पाच-दहा तासांची उड्डाणे झाली तरी काही म्हणता काही जमत नव्हते, आणि मग एका सत्रात अचानक जमले. याचे श्रेय कुणी अंगच्या देणगीला देतो, कुणी प्रशिक्षकाच्या एखाद्या वाक्याला. पण वरचा हिशेब लक्षात घेतला तर हे अचानकपण अपेक्षितच आहे. वाढणारे आणि विरणारे हेलकावे यांच्यामध्ये उशिराची एक सीमा असते. विद्यार्थ्याचा उशीर त्या सीमेच्या थोडा जरी वर असला तरी प्रत्येक हेलकावा मोठा होत जातो, आणि थोडा खाली आला की लहान होत जातो. उशीर रोज थोडा थोडा कमी होत असतो, पण सीमा ओलांडेपर्यंत मैदानावर काहीच फरक दिसत नाही. आठव्या तासालाही हेलिकॉप्टर पहिल्या तासासारखेच उधळते. सीमा ओलांडली की एका दिवसात चित्र पालटते. प्रगती हळूहळूच झालेली असते, दिसते मात्र एकदम. मला हे महत्त्वाचे वाटते ते यासाठी, की सुरुवातीच्या तासांतल्या उधळण्यावरून विद्यार्थ्याची पात्रता जोखणे या हिशेबात बसत नाही. पाचव्या तासाला दोघांची हेलिकॉप्टरे सारखीच भरकटत असतील, पण एक सीमेच्या जवळ असेल आणि दुसरा दूर. त्यांच्यातला फरक हेलिकॉप्टर कुठे गेले यावरून कळणार नाही. हात कधी हलला आणि किती हलला यावरून कळेल. चांगला प्रशिक्षक नेमके तेच पाहत असतो.

मग चूक लवकर ओळखायची कशी? याचे उत्तर डोळ्यांत आहे, आणि प्रशिक्षक ते पहिल्या दिवसापासून देतात: खाली पाहू नकोस, लांब पाहा. तळहातावर उभी काठी तोलणारे मूल काठीच्या वरच्या टोकाकडे पाहते; हाताकडे पाहिले की काठी पडते, कारण झुकणे आधी वर दिसते आणि हातापाशी फार उशिरा. हॉवरमध्ये ते वरचे टोक म्हणजे क्षितिज. चीताचा समोरचा भाग मोठ्या पारदर्शक घुमटासारखा आहे, त्यामुळे पायाखालची जमीनही दिसते, आणि नवख्याची नजर तिथेच ओढली जाते. पडायची भीती खालीच असते. पण जमीन सांगते ती जागा, म्हणजे सगळ्यांत उशिराची बातमी. कल दिसतो तो दूरच्या रेषेवर. करंगळीएवढा एक अंश नाशिकच्या भोवतालच्या डोंगररेषेवर कल झाल्याक्षणी दिसू शकतो; तोच एक अंश पायाखालच्या गवतावर सरकण्याच्या रूपाने उमटायला दोन-तीन सेकंद जातात. लांब पाहण्याची ही सूचना धीर देण्यासाठी केलेली नसते. तिने विद्यार्थ्याला थेट दोन सेकंद मिळतात. जेम्स गिब्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या दृष्टीचा अभ्यास केला आणि १९५० साली आपल्या ग्रंथात मांडले की हलणारा माणूस स्वतःची गती ओळखतो ती आजूबाजूचे पृष्ठभाग डोळ्यांसमोरून कसे वाहतात यावरून. अनुभवी वैमानिक हा प्रवाह नजरेच्या कडेने टिपत राहतो आणि मधली नजर दूर ठेवतो. म्हणूनच पायाखालून सगळीकडे सारखीच धूळ किंवा बर्फ उडू लागले की मुरलेल्या वैमानिकाचाही हॉवर अडचणीत येतो: हात तेच असतात, पण लवकरची बातमी बंद झालेली असते.

स्थिर उभ्या दिसणाऱ्या यंत्रात किती काम चालते हेही पाहण्यासारखे आहे. चीताच्या पात्यांच्या चकतीचा व्यास ११ मीटर. सगळे मिळून १,८०० किलो वजन धरले, तर ते अधांतरी ठेवायला या चकतीला दर सेकंदाला जवळजवळ एक टन हवा खाली ढकलावी लागते, आणि ती हवा खाली जाताना ताशी ६०-६५ किलोमीटरचा वेग धरते. जमीन जवळ असली की या प्रवाहाला अटकाव होतो आणि तेवढ्याच शक्तीत जास्त वजन पेलते. व्यासाच्या निम्म्याहून कमी उंचीवर हा फायदा चांगला जाणवतो. शिकाऊ हॉवर जमिनीलगत करण्यामागे हे एक कारण, आणि दुसरे सुरक्षेचे. इंजिन बंद पडलेच तर दोन मीटरवर फिरत्या पात्यांत साठलेली ऊर्जा यंत्र अलगद टेकवायला पुरते. तीस-चाळीस मीटरवर उभे असताना ती पुरत नाही, आणि हवेतून खाली घसरत पाते फिरते ठेवायला लागणारी उंचीही नसते. जमिनीच्या जवळ असणे धोक्याचे वाटते, पण या कामात ती जवळीकच आधार देते. त्याच वेळी नाशिकची हवा आपला हिस्सा मागते. गांधीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकला की हवा इतकी विरळ होते, की पात्यांच्या दृष्टीने ती प्रमाण हवामानातल्या १,६५० मीटर उंचीची हवा असते. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर आहे. म्हणजे एप्रिलच्या दुपारी नाशिकरोडला हॉवर करणारे हेलिकॉप्टर जणू कळसूबाईच्या माथ्यावर काम करते. हाताशी उरलेली शक्ती घटते, कलेक्टिव्हच्या चुकीला क्षमा कमी होते. शिकण्यासाठी पहाट बरी ती याचमुळे, आणि सकाळी वारा पडलेला असतो हा आणखी लाभ.

इतिहासही याच बाजूने साक्ष देतो. माणूस बसवून यंत्र सरळ वर उचलण्याचे प्रयोग फ्रान्समध्ये १९०७ सालीच झाले. त्या वर्षी ब्रेगे बंधूंचे यंत्र जमिनीवरून उठले तेव्हा चार कोपऱ्यांना चार माणसे ते धरून उभी होती, कारण ते आवरायचे साधनच त्यात नव्हते. त्यानंतर इंजिने भराभर सुधारली, विमानांनी अटलांटिक ओलांडला, पण कामाचे हेलिकॉप्टर यायला तीस वर्षे लागली. इगोर सिकोर्स्की यांचे व्हीएस-३०० हे यंत्र १४ सप्टेंबर १९३९ रोजी अमेरिकेत प्रथम उचलले गेले तेही दोरांनी बांधूनच, आणि मोकळे उड्डाण १३ मे १९४० ला झाले. उचलण्याची शक्ती आधीच हाती होती. आवरण्याची कला यंत्र घडवणाऱ्याला आणि ते चालवणाऱ्याला एकत्रच शिकावी लागली, आणि चालवणारे बहुतेक वेळा सिकोर्स्की स्वतःच होते. ६ मे १९४१ ला त्यांनी हे यंत्र १ तास ३२ मिनिटे हवेत ठेवून विक्रम केला. नाशिकच्या विद्यार्थ्यांच्या हाती असलेला चीता हा लामा या फ्रेंच हेलिकॉप्टरचा हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवलेला अवतार. २१ जून १९७२ रोजी जाँ बूले यांनी लामा १२,४४२ मीटर उंचीवर नेले. तेच यंत्र नवख्या हातांना दोन मीटरवर आवरत नाही, यावरून अडचण यंत्राच्या ताकदीची नाही हे उघड व्हावे.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला असा की हेलिकॉप्टर बहुतेक वेळ पुढे उडते. हॉवर हा त्यातला थोडाच भाग, मग त्यावर इतके तास का घालवायचे? पुढे उडण्यापासून सुरुवात करणे सोपे आहे हे खरेच. वेग आला की शेपटीची पृष्ठे वाऱ्यात यंत्राला सरळ ठेवायला मदत करतात, शक्तीही कमी लागते, आणि म्हणूनच अनेक ठिकाणी विद्यार्थ्याला आधी सरळ उड्डाणच देतात. ती पद्धत मला योग्य वाटते. एक अंशाचा कल ओळखण्याचे पहिले धडे तिथे निवांतपणे गिरवता येतात. पण प्रत्येक उड्डाण हॉवरमधून सुरू होते आणि हॉवरमध्ये संपते, आणि हेलिकॉप्टर विकत घेतले जाते ते धावपट्टी नसलेल्या जागी थांबण्यासाठीच. तासांच्या मोजणीत तो थोडा असेल, कामाच्या मोजणीत तोच मुख्य आहे.

दुसरा आक्षेप सिम्युलेटरचा: इंधन जाळून, यंत्र झिजवून, आसपासच्या वस्त्यांना आवाजाचा त्रास देऊन मैदानात शिकवण्यापेक्षा खोलीत शिकवा. कॉकपिटची ओळख, आणीबाणीचे सराव, क्रम पाठ होणे, यासाठी सिम्युलेटर उत्तम आहे आणि त्याचा वापर वाढायलाच हवा. हॉवरच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. शिकायचे आहे ते वेळेचे गणित, आणि सिम्युलेटर आपला उशीर त्यात मिसळतो: दांडा हलला, संगणकाने हिशेब केला, चित्र बदलले. हा उशीर किती मिलिसेकंदांपर्यंत चालेल याला दर्जेदार सिम्युलेटरांच्या नियमांत मर्यादा घातलेली असते ती उगाच नाही. स्वस्त सिम्युलेटरवर विद्यार्थी हॉवर शिकतोही, पण वेगळ्या उशिराचा. खऱ्या यंत्रात त्याला काही भाग पुसून पुन्हा लिहावा लागतो. शिवाय अशा सिम्युलेटरमध्ये अंगाला जाणवणारा कल नसतो, आणि तो कल हीसुद्धा लवकरची बातमी आहे. आवाजाचा प्रश्न खरा आहे. त्याला सकाळच्या वेळा आणि ठरावीक पट्टा पाळणे हा उपाय आहे. सराव बंद करणे नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. आज लग्नाचे चित्रीकरण करणारा ड्रोन दांडा सोडून दिला तरी जागेवर उभा राहतो. ध्रुवसारख्या हेलिकॉप्टरांत स्वयंचलित नियंत्रण यंत्रणा असते, ती हे हेलकावे वैमानिकाला कळायच्या आत दाबते. हा प्रवाह नवाही नाही: १९४६ साली नागरी वापराचा परवाना मिळालेले पहिले हेलिकॉप्टर बेल ४७, त्यात आर्थर यंग यांनी पात्यांशी जोडलेला एक आडवा दांडा बसवून कलण्याचा वेग मंद केला होता, म्हणजे वैमानिकाला वेळ मिळवून दिला होता. मग माणसाने हे शिकायचेच कशाला? मी या यंत्रणांच्या विरोधात नाही. थकलेल्या, रात्री उडणाऱ्या, धुक्यात सापडलेल्या वैमानिकाचा भार त्या हलका करतात आणि जीव वाचवतात. त्या नाकारणे हा मूर्खपणा ठरेल. पण ही यंत्रणा जे करते ते माणसासारखेच आहे: कल लवकर मोजणे आणि लहान दुरुस्ती करणे. मोजणारे उपकरण बिघडले, विद्युतपुरवठा गेला, की ती थांबते, आणि हेलिकॉप्टर एका क्षणात जुन्या स्वभावावर येते. त्या क्षणी वैमानिकाचा उशीर सीमेच्या वर असेल तर त्याला शिकायला पाच-दहा तास मिळणार नाहीत.

शिवाय काही हॉवर असे असतात की त्यात काय हवे हेच यंत्रणेला सांगता येत नाही. ऑगस्ट २०१८च्या केरळमधल्या पुरात चालकुडी येथे नौदलाचे लेफ्टनंट कमांडर अभिजित गरुड यांनी सी किंग हेलिकॉप्टर एका घराच्या छतावर टेकवले, पण त्याचे वजन छतावर पडू दिले नाही. चाके छताला लागलेली, सारा भार पात्यांवर, आणि आजूबाजूला झाडे व घरे, अशा स्थितीत सुमारे आठ मिनिटे ते यंत्र धरून ठेवले गेले आणि २६ जणांची सुटका झाली. छत किती किलो सोसेल हे कोणत्याही उपकरणाला ठाऊक नव्हते. एकेक माणूस आत येत होता, वजन वाढत होते, तसतसा कलेक्टिव्ह वाढायला हवा होता, त्यामागे पेडल, त्यामागे सायक्लिक. दुसऱ्या टोकाला सियाचिन आहे. तिथे सहा हजार मीटरच्या आसपासच्या चौक्यांवर चीता पोचतात, हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मी असते, हाताशी जादा शक्ती जवळजवळ उरत नाही आणि टेकण्याची जागा एखाद्या खोलीएवढी असते. तिथे जाणाऱ्या वैमानिकांचा पाया गांधीनगरच्या मैदानावर घातला जातो.

चीता आणि चेतक आता जुने झाले आहेत. त्यांच्या जागी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे लाइट युटिलिटी हेलिकॉप्टर यायचे आहे. त्याचे पहिले उड्डाण २०१६ साली झाले. बदल हवाच, कारण जुन्या यंत्रांचा धोका वैमानिकांनी फार वर्षे पत्करला आहे. पण विद्यार्थ्यांच्या हाती स्वतःला सावरणारी यंत्रे आली, की शाळेला एक निर्णय जाणीवपूर्वक घ्यावा लागेल: सुरुवातीचे काही तास ती मदत बंद ठेवायची की नाही. माझ्या मते ठेवावी, सुरक्षित उंचीवर, शांत हवेत, शेजारी प्रशिक्षक असताना. किती तास, हे त्या प्रशिक्षकांनीच ठरवावे. विद्यार्थ्याचा हात हेलिकॉप्टर सरकण्याआधी हलू लागला आहे का, हे त्यांना शेजारच्या आसनावरून दिसते.